आज्ञापत्रांतील वृक्षविषयक कलम : एक विचार

रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असलेल्या आज्ञापत्रांतील आंबा-फणसाविषयींचा मजकूर हल्लीं पुष्कळांच्या तोंडीं असतो. परंतु तो ‘शिवछत्रपतींची वनरक्षणाची आज्ञा’ म्हणून उद्धृत होतो, यांत आम्हांस दोन दोष दिसतात.

पहिला दोष काळाचा. महाराज इ. स. १६८० त कैलासवासी झाले, आज्ञापत्र इ. स. १७१५ च्या सुमाराचें, कोल्हापूरकर संभाजीराजांच्या कारकीर्दींतील. पंतांनीं महाराजांचा कारभार प्रत्यक्ष पाहिला होता हें खरें. तथापि धोरणाचा वारसा निराळा व अस्सल पत्र निराळें.

दुसरा दोष अर्थाचा. हें कलम आरमाराच्या प्रकरणांत आहे. गलबतांस लांकूड कोठून आणावें, हा तेथें प्रश्न. अरण्यांतील सागवानादि वृक्ष हुजूरच्या परवानगीनें तोडावे, उणें पडेल तें परमुलुखांतून विकत आणावें. रयतेच्या आंबा-फणसांस मात्र हात लावूं नये, कारण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयत तीं लेंकरांप्रमाणें वाढविते. जीर्ण झाड घ्यावयाचेंच तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावें, असा आशय आहे. तेव्हां येथें रक्षिलेला आहे तो मुख्यतः झाड लावणाऱ्याचा हक्क. छावणींतील लोकांनीं दाणा, गवत, लांकूडफांटा बाजारांतून विकत घ्यावा, असें महाराजांनीं चिपळूणकडील अंमलदारांस लिहिलें होतें; त्या पत्राशीं हें कलम ताडून पाहतां धोरणाचें सातत्य स्पष्ट होतें.

परंतु कलमाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांत अरण्य राजाचें व झाड रयतेचें. रानांत गुरें चारणारा, मोळी आणणारा त्यांत कोठेंच नाहीं. पुढें इ. स. १८७८ च्या जंगल कायद्यानें सरकारी राखीव रानांचा पसारा वाढला, तेव्हां हाच मनुष्य अडचणींत आला. जोतीराव फुल्यांनीं इ. स. १८८३ त लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत, शेतकऱ्याच्या शेरडांस चरावयास जागा उरली नाहीं, हें गाऱ्हाणें मांडलें आहे.

सबब संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, रुमालांतील झाडें, कुरणें व सरपण यांविषयींचे कागद क्षुल्लक म्हणून बाजूस टाकूं नयेत. राजाच्या न्यायाची कसोटी लढायांच्या पत्रांइतकीच या कागदांतही लागते.