शेऱ्याचा रकाना

कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, नाटकावर तर रात्ररात्र भांडणं होतात. वस्तुसंग्रहालयाच्या रजिस्टरची समीक्षा मात्र कोणी केलेली नाही. तेही लेखनच आहे. त्याला लेखक असतो, त्या लेखकाला जात असते, आणि तो जे लिहीत नाही तेही वाचावं लागतं. एम.ए.च्या अभ्यासक्रमात आता इंटर्नशिप करावी लागते. त्यापायी नागपुरातल्या एका संग्रहालयाचं रजिस्टर मी दोन महिने, रोज अकरा ते पाच वाचलं. नाव लिहीत नाही. आपलं भांडण एका इमारतीशी नाही.

काम हमालीचंच. जुनं शाईचं रजिस्टर संगणकात चढवायचं, कपाटातून वस्तू काढून माप ताडून पाहायचं, ब्रशनं धूळ झाडायची, मागं रंगवलेला नंबर शाबूत आहे का बघायचं, डांबरगोळ्या बदलायच्या. रकाने आठ : क्रमांक, वस्तू, कशाची, माप, काळ, कुठं मिळाली, कोणाकडून मिळाली, शेरा. आठवड्याभरात ते पाठ झाले. मग जे नव्हतं ते दिसायला लागलं. ‘कोणी केली’ असा रकानाच नाही!

चामड्याची मोट आहे. लांबी-रुंदी इंचात दिलेली आहे. पण कातडं कोणी कमावलं, त्या वासासाठी कोणाला गावाबाहेर ठेवलं, हे लिहायला जागाच नाही. कुऱ्हाड आहे, लोहार नाही. जातं आहे, दळणारी नाही. ‘कोणाकडून’ हा रकाना मात्र ठासून भरलेला : मालगुजार, तहसीलदार, पाद्री, गोरा साहेब. घाम आमचा आणि देणगीदार ते! उत्खननाच्या जुन्या फोटोंत तर कमालच आहे. खंदकाची खोली कळावी म्हणून आज पट्टी ठेवतात. तेव्हा कित्येकदा मजूरच उभा करत. फोटोखाली खंदकाचा नंबर असतो, थराचा असतो. माणूस मापापुरता.

कोणी म्हणेल, हे सरकारी दप्तर आहे, यात द्वेष कुठून आला? द्वेष नसेलही. पण द्वेष न करता पुसून टाकण्याची सोय रकान्यांत असते. आणि हे पुसणं आजकालचं नाही. आपल्याच विदर्भात त्याचा दगडी पुरावा आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक गाव आहे. तिथं सापडलेली एक शिळा नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ साली उघडलेल्या मध्यवर्ती संग्रहालयात आली. तिच्यावर दोन लेख आहेत. जुना लेख ब्राह्मीत, प्राकृत भाषेत : प्राणी पकडू नका, मारू नका. वा. वि. मिराशींच्या मते ही अशोकाच्या धर्ममहामात्राची आज्ञा. पुढं चौथ्या शतकात वाकाटक राजा पहिला रुद्रसेन यानं त्याच शिळेवर, जुनी अक्षरं छिनून, आपल्या धर्मस्थानाचा लेख संस्कृतात कोरवला. लोकांची भाषा खाली, राजाची वर. विदर्भात दगडांचा काय दुष्काळ होता? दुसरी शिळा मिळाली नसती असं नाही. मिराशींनी ही खोडाखोड लपवली नाही, हे त्यांच्या पदरात टाकलंच पाहिजे. आपली पोरं मात्र अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जातात आणि ही शिळा याच शहरात आली हे त्यांना ठाऊक नसतं. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूर का निवडलं ते सांगितलं, नाग लोकांनी बुद्धाचा धम्म पसरवला ते सांगितलं. आपण त्याची घोषणा केली आणि पुरावे दुसऱ्यांच्या ताब्यात राहू दिले.

उलट पवनी बघा. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं तिथले स्तूप उकरले. कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली निघाली. म्हणजे स्तूप बांधणाऱ्यांना दोन हजार वर्षांपूर्वी जे सुचलं होतं, नाव लिहावं, ते आमच्या शिकल्यासवरल्या रजिस्टराला सुचलं नाही. (तिथंही पैसे देणाऱ्याचं नाव आहे, दगड वाहणाऱ्याचं नाही, असा आक्षेप कोणी घेईल. घ्यावा. मलाही तो पटतो.)

आता आपल्या घरात शिरू. दालनावर बसणारे काका, कंत्राटी माणूस, एकदा म्हणाले, “काहून एवढं वाचून राह्यले बाई? आमच्या बुढीनं दीक्षेची पांढरी साडी मरेपर्यंत पेटीत ठेवली होती. बुढी गेली. साडीचं का झालं कोणाले मालूम? फडकं झालं असन.” मी वरिष्ठांना विचारलं, अशी साडी मिळाली तर नोंदवता येईल का? उत्तर आलं : “गिरणीचं कापड. सगळीकडे सारखंच. त्यात वस्तू म्हणून काय आहे?”

काय आहे ते सांगते. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या साच्यांवर आपली माणसं राबली. त्या दिवसांत शहरात पांढरं कापड मिळेना, असं जुने लोक सांगतात. ज्या बाईला लुगडं कसं नेसायचं, दागिना कोणत्या धातूचा घालायचा हे गावानं ठरवून दिलं होतं, तिनं स्वतः निवडून अंगावर घेतलेलं ते कापड. याच नागपुरात २० जुलै १९४२ ला सुलोचनाबाई डोंगरेंच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली होती. त्या बायकांच्या पेट्यांत काय होतं, ते कोणी विचारलं? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं ते १९८९ साली. तोवर किती म्हाताऱ्या गेल्या असतील!

वामनराव गोडबोल्यांनी बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर जपले, म्हणून चिचोलीच्या शांतिवनात ते आज बघायला मिळतात. एका माणसाच्या चिकाटीचं ते फळ. पण लाखोंनी दीक्षा घेतली. त्या लाखोंच्या वस्तू भंगारवाल्याकडे, बोहारणीच्या टोपल्यात जाऊन राहिल्या आहेत. आपल्या पुतळ्यांच्या वर्गणीत एक लोखंडी कपाट सहज बसतं. पण कपाटासाठी वर्गणी मागायला गेलं की कार्यकर्ते हसतात.

या अंकासोबत एक कोरा कागद जोडला आहे. रकाने नऊ. ‘कोणी केली, कोणी वापरली’ हा सगळ्यात आधी आहे, आणि शेऱ्याचा रकाना अर्ध्या पानाचा ठेवला आहे, कारण म्हाताऱ्या माणसाला तेवढं बोलायचं असतं. येत्या रविवारी पाचपावली, इंदोरा, रामबाग इथून सुरुवात करायची आहे. वस्तू मागायची नाही, घरीच राहू द्यायची. फक्त लिहून घ्यायचं, आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवल्याशिवाय उठायचं नाही.