इंग्रजी साहित्याचे कालविभाग
इंग्रजी साहित्येतिहासाचे अँग्लो-सॅक्सन, मध्ययुगीन, एलिझाबेथकालीन (१५५८–१६०३), पुनःस्थापनाकालीन (१६६० नंतरचा), स्वच्छंदतावादी (१७९८–१८३२), व्हिक्टोरियन (१८३७–१९०१) व आधुनिक असे विभाग सामान्यतः मानले जातात. यांतील काही नावे राजवटींची, तर काही वाङ्मयीन प्रवृत्तींची द्योतक असल्याने विभागणीत एकसूत्रता नाही. मिल्टनचे पॅराडाइस लॉस्ट पुनःस्थापनाकालात (१६६७) प्रसिद्ध झाले. पण त्याची घडण प्रबोधनाच्या व प्यूरिटन विचारांची आहे.

मराठीतील यादवकाल, शिवकाल, पेशवेकाल ही विभागणीही अशीच राजकीय असून जुन्नर-आंबेगाव परिसरात तिच्या मर्यादा स्पष्ट होतात. तुकारामांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी परंपरेने जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे मानतात. तुकारामांची गणना शिवकालात होते. वस्तुतः त्यांचे निर्याण शिवराज्याभिषेकापूर्वी (१६७४) सु. पाव शतक झाले. पेशवेकालात बहरलेली लावणी पेशवाईबरोबर (१८१८) संपली नाही. नारायणगावच्या तमाशात विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्यापर्यंत ती नांदत राहिली. राजवटींच्या सनावळ्या अभ्यासाच्या सोयीसाठी स्वीकाराव्यात. वाङ्मयीन मूल्यमापनाचे निकष म्हणून त्या अपुऱ्या ठरतात.