पिळदार आणि काटक : स्त्रीदेहाच्या आदर्शाविषयी एक टिपण

मराठीत देहवर्णनाच्या शब्दांची वाण नाही. तथापि ‘पिळदार’ हा शब्द आपण पुरुषाच्या देहासाठी राखून ठेवला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. स्त्री सुडौल असते, शेलाटी असते, बांधेसूद असते. तिच्या अंगी बळ दिसू लागले की ती ‘आडदांड’ किंवा ‘पुरुषी’ होते. यांस अपवाद एकच, आणि तो शिष्टांच्या लेखनापेक्षा खेड्यातील बोलण्यात अधिक आढळतो : ‘काटक’. धाराशिव जिल्ह्यात शेतात राबणाऱ्या, उसाच्या हंगामात कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या बाईची वाखाणणी करताना हा शब्द हमखास येतो. परंतु ‘काटक’ ही सोसण्याची स्तुती आहे, रूपाची नव्हे. ज्या बाईच्या डोक्यावर उसाची मोळी दिली जाते तिच्या मानेचे, खांद्याचे, पोटरीचे स्नायू डोळ्यांना दिसत असूनही सौंदर्यविचारात त्यांना स्थान मिळालेले नाही.

स्त्रीने व्यायामाने स्नायू कमवावेत की नाही, याविषयी जी मते ऐकू येतात त्यांत ‘हे आपल्या परंपरेत बसत नाही’ हे मत सर्वाधिक आत्मविश्वासाने मांडले जाते. प्रस्तुत टिपणात त्याचीच परीक्षा करावयाची आहे. आणि त्यासाठी फार दूर जावयास नको.

धाराशिवजवळील तेर म्हणजे ‘पेरिप्लस’मधील तगर. येथे सापडलेल्या सातवाहनकालीन वस्तूंमध्ये एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. पाँपेई येथे 1938 साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. पुष्ट वक्ष, बारीक कंबर, रुंद नितंब आणि अंगभर अलंकार असा तिचा घाट आहे. स्नायूंचा मागमूस नाही. येथवर परंपरावाद्यांचे म्हणणे मान्य करावयास हरकत नाही.

आता तुळजापूर पाहावे. श्रीतुळजाभवानीची मूर्ती अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची आहे. एका हाताने तिने असुराची शेंडी धरली आहे, दुसऱ्या हातातील त्रिशूळ त्याच्या देहात रुतला आहे. नित्याच्या दर्शनात वस्त्रालंकारांमुळे हे रूप झाकलेले असते, म्हणून भक्ताच्या मनात मुखच अधिक राहते. महिषासुरमर्दिनीच्या मूर्ती घडविणाऱ्या शिल्पकारांपुढे एक अवघड प्रश्न होता : रेड्याचे रूप घेणाऱ्या असुरास मारण्याइतके बळ स्त्रीदेहात दाखवावयाचे कसे? त्यांनी भुजा जाड केल्या नाहीत. त्यांनी त्या वाढविल्या. बळाचे माप स्नायूच्या घेरावर नव्हे, हातांच्या संख्येवर आणि आयुधांवर दिले.

यावरून आपल्या परंपरेला स्नायुयुक्त स्त्री अमान्य होती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. पण तो घाईचा ठरेल, कारण याच शिल्पपरंपरेतील पुरुष तरी कुठे पिळदार आहेत? विष्णू, शिव, बुद्ध, तीर्थंकर या सर्वांचे देह गुळगुळीत, आतून श्वासाने भरल्यासारखे आहेत. ग्रीक शिल्पात दिसते तशी स्नायूंची चिरफाड त्यांच्यात नाही. स्नायूचा अभाव हे येथे स्त्रीत्वाचे लक्षण नसून एकूण आदर्श देहाचे लक्षण आहे. म्हणजे पिळदारपणा पुरुषाच्या नावावर चढविणारी परंपरा ही नव्हे.

तर मग कोणती? माझ्या मते ती आखाड्यात आणि त्याहूनही अधिक विसाव्या शतकारंभीच्या छायाचित्रांत शोधावी लागेल. युजीन सँडोच्या हिंदुस्थान-दौऱ्यानंतर कमावलेला देह ही पाहण्याची वस्तू झाली. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी प्रारंभी सँडोच्याच पद्धतीचे अनुयायी होते. पुढे ते सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते झाले आणि स्त्रियांनीही नमस्कार घालावेत असा त्यांनी आग्रह धरला. मात्र अशा पुरस्कारात स्त्रीच्या बळाचे समर्थन बहुधा सुदृढ मातृत्वाच्या आधाराने होई. बळ हवे, पण ते दुसऱ्याकरिता. बळ स्वतःच्या नावावर मिरविणाऱ्या स्त्रीचे काय होते, हे हमीदा बानू यांच्या उदाहरणावरून कळते. 1954 साली मुंबईत त्यांनी रशियाच्या वेरा चिस्तिलिन हिला एका मिनिटाच्या आत चीत केले. परंतु पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती कुस्तीक्षेत्रातील विरोधामुळे रद्द झाली. तक्रार मोरारजी देसाई यांच्यापर्यंत गेली, तेव्हा कारण स्त्रीत्व नसून आयोजकांविषयीच्या तक्रारी हे आहे, असे उत्तर मिळाले.

पाश्चात्त्य जगात हा प्रश्न सुटला आहे अशीही एक समजूत आढळते. स्त्रियांची ‘मिस ऑलिंपिया’ ही शरीरसौष्ठव-स्पर्धा 1980 साली सुरू झाली. पुढे 2005 च्या सुमारास आंतरराष्ट्रीय संघटनेने स्त्रीस्पर्धकांनी आपले स्नायू वीस टक्क्यांनी कमी करावेत अशी सूचना काढली. स्नायूंसाठीच भरविलेल्या स्पर्धेत स्नायू अधिक झाले ही तक्रार! यातील विनोद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. तो मंच कमावलेल्या देहाचा असला तरी पाहण्यासाठीच असलेल्या देहाचा आहे. तेरच्या हस्तिदंती मूर्तीचा आणि त्याचा व्यवहार या एका अर्थी सारखाच. कोणता घाट पाहावयाचा, हे पाहणाराच ठरवितो.

शरीरशास्त्राची बाजू थोडक्यात सांगता येईल. स्त्रियांत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी कमी असल्याने वजने उचलून त्यांचा देह सहजासहजी पुरुषासारखा होत नाही. प्रारंभीची बळवृद्धी बहुतांशी मज्जासंस्थेच्या सरावाने होते, आणि उतारवयात हाडांची घनता टिकविण्यास या व्यायामाची मदत होते. अडचण आहे ती अन्नाची. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019–21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ज्या समाजात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तातच लोह पुरेसे नाही, तेथे ‘फार पिळदार दिसू नये’ ही चिंता कोणाची, हे विचारावयास हवे.

पाहिल्या जाणाऱ्या देहाखेरीज दुसरा देह आपल्या वाङ्मयात नाहीच काय? आहे, पण तो पंडितांच्या काव्यात वा शृंगारिक लावणीत नाही, जात्यावर आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पाने जमविलेल्या ओव्यांची संख्या लाखावर जाते. जात्यावरच्या ओव्यांत एक कल्पना पुनःपुन्हा येते : दळणारीच्या मनगटातील जोर तिला आईच्या दुधातून मिळाला आहे. हे वर्णन आरशासमोरचे नव्हे. येथे हात कसा दिसतो हा प्रश्नच उद्भवत नाही. जड जाते तो कसा फिरवतो, एवढेच सांगितले जाते आणि ते अभिमानाने सांगितले जाते. बळ स्त्रीकडून स्त्रीकडे आलेले आहे, म्हणून ते ‘पुरुषी’ ठरण्याचा संभवच राहत नाही. स्त्रीदेहाची मराठी मीमांसा लिहिताना आपण नखशिखान्त वर्णनांची परिश्रमपूर्वक छाननी केली, या ओव्या मात्र लोकजीवनाचा पुरावा म्हणून वेगळ्या कपाटात ठेवल्या. सौंदर्यविचाराचा पुरावा म्हणून त्या वाचल्या गेल्या नाहीत, ही आपल्या विद्यापीठीय समीक्षेची उणीव होय. तिच्यातून प्रस्तुत लेखकही सुटत नाही.

तुळजापुरातील एक विधीही या संदर्भात आठवतो. वर्षातून तीनदा देवीची मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजविली जाते. त्यांपैकी दसऱ्यानंतरची निद्रा ‘श्रमनिद्रा’ म्हणून ओळखली जाते : युद्ध करून देवी थकली आहे. शिल्पकाराने ज्या भुजांत ताण दाखविला नाही, त्या भुजा दुखतात हे भक्तांनी मात्र ओळखले.

याच जिल्ह्यातून खो-खो खेळणाऱ्या मुलींची एक पिढी पुढे आली आहे. सारिका काळे 2016 च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेतील सुवर्णविजेत्या भारतीय संघाच्या कर्णधार होत्या. 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तो खो-खोला 22 वर्षांनी मिळालेला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला 78–40 असे हरविले, त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. खो-खोचा देह विशिष्ट घडणीचा असतो. पाटीवर दबा धरून बसावयाचे, ‘खो’ मिळताच एका झेपेत उठावयाचे, खांबाशी सूर मारावयाचा. यासाठी मांड्या व पोटऱ्या घट्ट लागतात आणि अंगावर अनावश्यक भार चालत नाही. हा देह स्थिर उभा केला तर त्यात पाहण्यासारखे काय आहे, हे अनेकांना कळणार नाही. तो धावताना पाहावा लागतो. मैदानाच्या कडेला बसलेल्या आया-आज्या आपल्या मुलींना अजून ‘काटक’च म्हणतात, फरक इतकाच की, आता तो शब्द त्या मुलींच्या पायांकडे बघत उच्चारतात.