बी-फॅक्टर म्हणजे हालचाल नव्हे

केंड्रू यांनी १९६० मध्ये मांडलेल्या मायोग्लोबिनच्या रचनेत एक अडचण आहे: ऑक्सिजन हीमपर्यंत जाईल अशी वाटच तिच्यात दिसत नाही. प्रथिन हलल्याशिवाय त्याचे काम होणार नाही. मग स्थिर चित्रातून हालचाल कशी वाचायची?

बी-फॅक्टर २० चौरस अँगस्ट्रॉम असेल, तर अणूचे एका दिशेतले विस्थापन साधारण अर्धा अँगस्ट्रॉम येते. पण ते अणू थरथरल्यामुळे, की स्फटिकातले रेणू मुळातच थोडे वेगवेगळे बसल्यामुळे? एकटा आकडा हे सांगत नाही. फ्रॉएनफेल्डर, पेट्स्को आणि त्सेर्नोग्लू यांच्या १९७९ च्या निबंधाचे बळ इथेच आहे. त्यांनी २२० ते ३०० केल्विनदरम्यान चार तापमानांना मोजमाप केले. तापमानाबरोबर घटणारा भाग हालचालीचा धरता येतो. मात्र कोणता भाग आधी हलला आणि किती वेगाने, हे यातूनही कळत नाही. तिथे निबंधाची मर्यादा येते.

आपल्याकडच्या प्रकल्पवह्यांत मात्र संगणकावर लाल वळसा दिसला की ‘लवचिक’ लिहून मोकळे! स्फटिक १०० केल्विनला गोठवलेला असेल तर आणखी जपून लिहावे; गोठवताना पार्श्वसाखळ्या जागा बदलू शकतात.