वनशास्त्राचे क्षेत्रीय शिक्षण आणि संवर्धित वास्तव : एक परीक्षण

डेहराडून येथे १८७८ साली वनविद्यालय स्थापन झाले, तेव्हापासून भारतीय वनशिक्षणात प्रत्यक्ष अरण्यातील अभ्यासाला वर्गातील विवेचनाइतकेच महत्त्व दिले गेले आहे. या अभ्यासाच्या साधनांत आता भ्रमणध्वनीची भर पडली आहे. त्यावरील नकाशा विद्यार्थ्याचे स्थान दाखवितो. आणि संवर्धित वास्तव या तंत्राने समोरच्या झाडाच्या प्रतिमेवरच त्याचे नाव, उंची व व्यास उमटविता येतो. ही सोय निःसंशय मोठी आहे. प्रश्न एवढाच की, तिच्यामुळे निरीक्षणाची सवय वाढते की खुंटते?

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडील कारंजा (घाडगे) परिसराच्या उदाहरणाने हा प्रश्न स्पष्ट होईल. या भागातील अरण्य शुष्क पानझडी जातीचे असून साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह हे त्यातील परिचित वृक्ष होत. उन्हाळ्याच्या प्रारंभी यांपैकी बहुतेक झाडे निष्पर्ण होतात, आणि पानाच्या छायाचित्रावरून जाती ओळखणारी प्रणाली नेमकी तेव्हाच निरुपयोगी ठरते. ऐन व तेंदू या दोहोंची साल काळसर व चौकटीदार चिरलेली असल्याने नवशिक्याचा तेथे हमखास घोटाळा होतो. अशा वेळी जो विद्यार्थी झाडाखालचा पाचोळा चाळून ऐनाचे पाच पंखांचे फळ शोधील, त्यालाच खरे उत्तर सापडेल. पडद्याकडे पाहणाऱ्याची नजर जमिनीकडे वळतच नाही.

मोजणीसंबंधीही हेच म्हणावे लागेल. आपल्याकडे झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, आणि उतारावर वरच्या बाजूने, मोजण्याचा प्रघात आहे. २० सेंटिमीटर व्यासाच्या झाडाचा व्यास उपकरणाने २२ सेंटिमीटर दाखविला, तर चूक अल्प भासते. परंतु बुंध्याच्या छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ते २१ टक्क्यांनी फुगते. ज्याने टेप हाती धरलेली नाही, त्याला या आकड्याचा संशय येणार तरी कसा?

नकाशाच्या बाबतीत तर अधिक सावधगिरी हवी. दाट पर्णछत्राखाली उपग्रहाधारित स्थाननिश्चिती काही मीटरांनी चुकू शकते. ०.१ हेक्टरच्या चौरस नमुनाक्षेत्राची बाजू सुमारे ३१.६ मीटर असते. पुनर्मोजणीच्या वेळी हे क्षेत्र बाजूच्या दिशेने ५ मीटर सरकले, तर त्याचा जवळजवळ सहावा हिस्सा बदलतो, आणि झाडांची वाढ म्हणून जी नोंद होते ती वस्तुतः निराळ्याच झाडांची असते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांच्या मोजणीत असाच दोष शिरला, तर त्याचा परिणाम एखाद्या कुटुंबाच्या शेताच्या बांधापर्यंत पोहोचतो.

तथापि, यावरून ही साधने त्याज्य ठरत नाहीत. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण व भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१० साली प्रचारात आणलेल्या एम-स्ट्राइप्स प्रणालीमुळे वनरक्षकाच्या गस्तीचा मार्ग व त्याची निरीक्षणे स्थानासह नोंदविली जाऊ लागली. वर्धा जिल्ह्यातील बोर अभयारण्यास २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला आहे. अशा प्रदेशात नोकरीस जाणाऱ्या विद्यार्थ्याला ही साधने अपरिचित राहून चालणार नाही.

दोष साधनाचा नसून अध्यापनातील क्रमाचा आहे. विद्यार्थ्याने प्रथम नजरेने अंदाज करावा, नंतर टेपेने मोजावे, आणि शेवटी उपकरणाचे उत्तर पाहावे. तिन्ही आकडे नोंदवहीत शेजारी शेजारी लिहून त्यांतील अंतराची मीमांसा करणे, हाच त्या दिवसाचा पाठ समजावा. उपकरणाची चूक ज्याला सकारण दाखविता येते, त्याच्याच हाती ते उपकरण शोभते.