भूत खोटं, पण प्रयोग तरी खरा होता का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक किस्सा रंगवून सांगायचो. 'मोस्ट हॉन्टेड' या ब्रिटिश टीव्ही शोमध्ये डेरेक अकोरा माध्यम म्हणून काम करायचे. झपाटलेल्या जागी जायचं, मृतात्म्यांशी बोलायचं. शोमधल्याच किअरन ओकीफ या परामानसशास्त्रज्ञांना शंका आली. बॉडमिन तुरुंगातल्या चित्रीकरणासाठी त्यांनी 'क्रीड काफर' नावाचा जेलर मनानेच रचला आणि ते नाव अकोरांच्या कानावर जाईल अशी सोय केली. ओकीफ यांच्या म्हणण्यानुसार हाच काफर अकोरांच्या अंगात आला! नावातली इंग्रजी अक्षरं फिरवली की होतं 'डेरेक फेकर'. २००५ मध्ये हे बाहेर आलं. अकोरांनी आरोप नाकारले.

एकदा एका ज्युनिअरने विचारलं, "दादा, यात कंट्रोल कुठाय?" मी गप्प. खरंच की! सापळा एकाच माणसासाठी, आणि निकाल देणारा सापळा लावणाराच.

आता ओकीफ आणि रिचर्ड वाइजमन यांचा २००५ चाच पेपर बघा. ५ व्यावसायिक माध्यमं, ५ व्यक्ती, कुणी कुणाला दिसत नाही. कोणतं भाकीत आपल्यासाठी केलंय हे माहीत नसताना प्रत्येकाने सगळ्या भाकितांना गुण दिले. अतींद्रिय क्षमतेचा पुरावा मिळाला नाही. वाचायला रुक्ष, पण टिकतो.

किस्सा मला आवडला, कारण निकाल माझ्या मनासारखा होता. तुमचाही निकाल तसा आला की आधी पद्धत तपासा. गाईड विचारायच्या आत.