पन्नास म्हणजे काय?

रोह्याजवळच्या अष्टमीत कुणी ‘सातबारा’ म्हटले, की गाव नमुना ७ जमिनीच्या हक्कांचा आणि १२ पिकांचा, हे वेगळे सांगावे लागत नाही. साऱ्या महाराष्ट्रात त्यांचा अर्थ एकच.

आयबीएमने १९५९ साली आणलेल्या आरपीजी या व्यापारी संगणकभाषेच्या जुन्या प्रोग्रॅमांत ०१ ते ९९ असे दर्शक भेटतात. प्रत्येक चालू किंवा बंद. ५० चा अर्थ मात्र लिहिणाऱ्याच्याच डोक्यात! पुढच्या आवृत्त्यांत दर्शकांना नावे देण्याची सोय झाली, हे उत्तमच. पण तोच ५० आधी ‘ग्राहक सापडला नाही’ आणि शंभर ओळींनंतर ‘शिल्लक कमी’ यासाठी वापरलेला असेल, तर पहिले नाव दुसऱ्या ठिकाणी वाचकाला चक्क फसवते. नुसत्या आकड्याने निदान शंका तरी आली असती. तेव्हा आधी दोन कामांना दोन दर्शक द्यावेत, मग बारसे करावे.